हो असेल तर एक टिचकी

“बोलू नको गं. हो असंल तर फोनवर एक टिचकी मार, नाय असंल तर दोन. मला समजतंय.”

हा नियम सोनुबाईंनी घालून दिला. सोनुबाई म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणत असे. सकाळची आंघोळ झाली की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत माझं मौन असतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेलं हे व्रत आजवर एकदाही मोडलेलं नाही. आणि वन्संना फोन करायला नेमकी सकाळी आठचीच वेळ सापडायची. खोपोलीजवळ कुंभिवलीच्या घरात त्या एकट्या. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला, दारासमोर हायवे. त्या बोलायच्या, मी टिचक्या मारायची. “भाताची लावणी झाली का गं?” एक. “आमचा इलास अजून बिड्या वढतो का?” दोन. “नवऱ्याला पाठीशी घालतेस व्हय?” म्हणत त्या हसायच्या.

सहा वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, त्यांचा शेवटचा फोन आला. माझी पूजेची मांडणी अर्धी राहिली होती. रिसीव्हर खांद्याशी दाबून धरून मी हार ओवत होते. तेवढ्यात ह्यांनी चटणीसाठी मिक्सर लावला. वन्संनी काहीतरी विचारलं. त्या घरघरीत एक शब्द कळला नाही. “काय गं? हो का नाय?” एवढंच शेवटी ऐकू आलं. मौनात ‘पुन्हा सांगा’ म्हणायची सोय नव्हती. हार संपवायची घाई होती. मी एक टिचकी मारली.

“बरं वाटलं गं,” त्या म्हणाल्या. “मी वाट बघते.”

दुसऱ्या दिवशी आठला फोन आला तो त्यांच्या शेजारणीचा, कोंडीचा. वन्सं रात्रीच गेल्या होत्या. “दाराला टेकून बसलेल्या,” कोंडी म्हणाली, “आन् आत अंथरुणं दोन घातलेली.”

मी कशाला हो म्हटलं, ते मला कळलंच नाही. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. देवासमोर मात्र रोज बोलते, दिलेला शब्द पाळीन, पण तो कोणता ते कळू दे.

पुढे आमची लँडलाइन बंद झाली आणि फोन माळ्यावर गेला.

गेल्या महिन्यात आमच्या लेकीनं, अपेक्षानं, कॅनडाहून एक काळी डबी पाठवली. देवघरातल्या करंड्याएवढी. ती ह्या सोमवारी पोचली. तिची एक वायर वायफायच्या राउटरला जोडायची, दुसरी जुन्या फोनला. मग इंटरनेटवरून तिच्याशी फुकट बोलता येणार. मोबाइलवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून तिचा हा खटाटोप.

हे खोपोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. बदामी रंगाचा तो फोन ह्यांनी माळ्यावरून काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि खिडकीखालच्या जुन्या जागी ठेवला. त्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. अपेक्षा मोबाइलच्या व्हिडिओतून एकेक गोष्ट सांगत होती.

“बाबा, राउटरची वायर मोठ्या भोकात. फोनची छोट्या.”

“मला शिकवू नको गं. तू जन्मायच्या आधीपासनं वायरी जोडतोय.”

“मग दिवे का लागत नाहीत?”

ह्यांनी भिंतीवरचं बटणच दाबलं नव्हतं.

तीन हिरवे दिवे लागले. मग अपेक्षानं तपासणीचा एक नंबर लावायला सांगितला. त्यावर आपण जे बोलू ते क्षणभरानं आपल्यालाच परत ऐकू येतं.

“हॅलो, दहिवलीवरनं विलास बोलतोय,” हे म्हणाले. मग रिसीव्हर माझ्या कानाशी धरून, “ऐकलंस? मीच मला फोन केला!”

“आईच्या मौनाला हा फोन बरा,” अपेक्षा म्हणाली. “इनकमिंग चालू, आउटगोइंग बंद.”

आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. मी तुळशीला पाणी घालत होते. हात पुसून उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. दूर कुठेतरी काहीतरी घरघरत होतं. थोड्या वेळानं तेही थांबलं.

मौन सुटल्यावर मी अपेक्षाला विचारलं. तिनं केला नव्हता. डबीवर आलेल्या कॉलची यादी तिला तिथून दिसते. “आई, यादीत सकाळचा एकही कॉल नाहीये,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही आठलाच वाजला. मी उचलला आणि श्वास रोखून ऐकत राहिले. पुन्हा तीच घरघर. आता जवळून. मधेच अडकून, किंचाळून पुढे जाणारी. आमचा जुना मिक्सर दोनवर ठेवला की असाच अडकायचा. चार वर्षांपूर्वी तो मी भंगारवाल्याला दिला होता. घरघरीखाली दोरा फुलातून ओढल्याचा बारीक आवाज. मग काचेची बांगडी वाजली आणि नखाची एक टिचकी आली.

ती माझी होती. माझीच बांगडी, माझंच नख.

“तपासणीचा नंबर अडकला असंल,” ह्यांना सांगितल्यावर ते म्हणाले. “आपलंच आपल्याला ऐकवतोय.”

“सहा वर्षांपूर्वीचं?”

ह्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. फोनची वायर डबीतून काढली, गुंडाळली, तिला रबर लावलं आणि टेबलावर ठेवली. “अपेक्षाला विचारून मग बघू.”

आज गुरुवार. मी लवकर उठले. पूजा झाली. नैवेद्याला गूळखोबरं काढलं. आठला पाच मिनिटं कमी असताना मी फोनकडे पाहिलं. वायर गुंडाळलेलीच होती. डबीवरचे दिवे विझलेले होते.

आठला फोन वाजला.

हे शेजारच्या खोलीतून दारापर्यंत आले. वायरीकडे पाहिलं. पुढे आले नाहीत.

मी रिसीव्हर उचलला.

आज घरघर नव्हती. पलीकडे स्वच्छ शांतता होती, आणि त्या शांततेत हायवेवरून एक ट्रक गेला.

“रुपा,” वन्सं म्हणाल्या, “एकटीला आता ऱ्हावत नाय गं. माझ्याकडं राहायला येशील ना?”

मी उभीच होते.

“काय गं? हो का नाय?”

दोन टिचक्या मारल्या असत्या तर चाललं असतं का, कोण जाणे. पण हो मी तेव्हाच म्हटलं होतं. नंतर बदलायचा तो शब्द कसला?

मी एक टिचकी मारली.

“बरं वाटलं गं,” त्या म्हणाल्या.

रिसीव्हर खाली ठेवला. कुंभिवलीच्या घराची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला असते. ती घेतली. पिशवीत एक लुगडं, जपमाळ आणि समई ठेवली. गूळखोबरं डब्यात भरलं. नैवेद्य तिथंच दाखवीन. तोवर मौन सुटत नाही. खोपोलीकडे जाणारी एसटी साडेआठला नाक्यावर येते.

ह्यांनी सगळं पाहिलं. किल्लीही पाहिली.

“अक्काच्या घरी?”

मी दाराच्या चौकटीवर एक टिचकी मारली.

“दिवा लावून येतेस?”

एक.

 मग हे खुर्चीची पाठ धरून म्हणाले, “आज तिन्हीसांजेच्या आत परत येशील ना गं?”

मी चपला घातल्या. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला आणि चौकटीवर टिचकी मारली.

“दोन?” हे म्हणाले.

मी एकच मारली होती. दुसरी मीही ऐकली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पायऱ्या उतरू लागले.