ऑइलचा काटा

लष्करानं मोडीत काढलेली ती जीप पोलीस ॲक्शननंतर आमच्या सेवा मंडळानं घेतली. गावोगाव दवाखाने कधी निघतील याची वाट बघत बसणं मला मंजूर नव्हतं. कॉलेज संपताच मी जीप चालवायला शिकलो, दुरुस्तीही शिकलो.

त्या दुपारी करमाडजवळच्या वस्तीवरून बानाबाईला शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. बाळंतपण अडलं होतं. मागं तिची सासू राजाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"दादा, बिगी बिगी हाका. पोरीचं काय खरं नाय."

रस्ता उन्हात पांढरा पडला होता. चिकलठाण्याच्या अलीकडं समोरचा ऑइलचा काटा घसरू लागला. ऑइल पंप इंजिनाच्या तळातलं तेल वर चढवतो. तो बंद पडला की तेलाचा दाब जाऊन काटा शून्यावर येतो. मग इंजिन तिथल्या तिथं थांबवायचं, नाहीतर ते जाम होतं. मी स्विच बंद केला.

सगळं शांत झालं. जळक्या तेलाचा वास तेवढा येत होता.

"दादा..." राजाबाई कुजबुजली, "हिचा दम थांबला..."

मी घाबरून स्टार्टर दाबला. इंजिन धडधडलं. काटा थरथरत वर आला. मागून एक खोल उसासा ऐकू आला.

"आला... आला बगा."

योगायोग, मी स्वतःला बजावलं. पण मुकुंदवाडीपाशी काटा पुन्हा खचला.

"थंड पडली वं..."

मी ॲक्सिलरेटर दाबला. काटा चढला, आणि बानाबाई कण्हली.

दवाखान्याच्या दारातही मी इंजिन चालूच ठेवलं. तासाभरानं राजाबाई बाहेर आली.

"नातू झाला! दोघं बी खुशाल हायत. आता बंद करा की ते धूड, कान किटले लोकांचे."

माझा हात स्विचकडं जाईना. शेवटी पेट्रोलच संपलं आणि इंजिन बंद पडलं. मी आत धावलो. बानाबाई शांत झोपली होती. मला माझंच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ मिस्त्रीनं पंप काढला.

"ह्याची दांडी कवाच तुटलीय, साहेब. तुटल्या जागी गंज चढलाय. हा फिरलाच कसा?"

मी काट्याकडं पाहिलं. इंजिन बंद होतं, पंप मिस्त्रीच्या हातात होता. तरी काटा चाळिसावर होता, किंचित वर... किंचित खाली... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

मग तो उतरू लागला.

"मिस्त्री... पंप परत बसवा."

"हा? तुटका?"

"तुटकाच... लवकर!"

काटा दहावर आला होता.