टॉफीचं काचघर

पाचोळ्यात एक खळगा पडला होता. एवढंच. परातीएवढा, गोल, मधोमध दबलेला. अजगर वेटोळं सोडून उठून गेला की मागे राहतो तसा. पण त्या काचघरात अजून कुणी राहायलाच आलं नव्हतं. टॉफी, म्हाताऱ्या ग्लेनिसची पाळीव अजगर-मादी, जिच्यासाठी आम्ही ते बांधत होतो, ती बाहेर टेबलावर झाकणाच्या पारदर्शक डब्यात होती.

मी लॉकीला दाखवलं. लॉकी काचघरं बांधायची कामं घेतो, मी त्याच्या हाताखाली.

"तूच बसली असशील, केरिन," तो म्हणाला, "आणि आता स्वतःच्याच बुडाला घाबरतेस."

मी हसले आणि पाचोळा सारखा केला. सकाळीच ग्लेनिसच्या ओव्हनमध्ये भाजला होता तो, बारीक कीड मरावी म्हणून. अजून निलगिरीचा वास येत होता. खळगा मात्र ओलसर लागला हाताला.

ग्लेनिसचं घर मालांडा गावाच्या पुढे, कुरणांच्या टोकाला, उंच लाकडी खांबांवर. काचघर त्या खांबांमध्ये, घराच्या पोटाखाली. तीन बाजूंना काँक्रीट, समोर जाड सरकती काच. आतला खोटा खडकाचा कडा आम्ही थर्माकोल कोरून, वर सिमेंटचे हात देऊन उभा केला होता. छताला जाळीतला हीटर. त्याचं तापमान आवरणारं यंत्र बिघडलेलं निघालं, म्हणून लॉकी नवं आणायला ॲथरटन गावात गेला. जाताना ग्लेनिसला दोनदा बजावून गेला, मी येईपर्यंत हीटरच्या बटणाला हात लावू नकोस. तिनं मान हलवली. श्रवणयंत्र तिच्या कानात नव्हतं, हे माझ्याही लक्षात आलं नाही.

मी कड्यामागच्या कपारीत पोटावर पडून रंगाचा शेवटचा हात मारत होते. पावलं वाजली. मग काच सरकली, आणि बाहेरचं दातेरी कुलूप कर्र कर्र करत बसलं.

कळायला क्षण लागला. साप पाळणाऱ्या बाईला उघडी काच दिसली, की ती आधी लावते. कशाला उघडी होती, ते मागाहून. चाळीस वर्षांची सवय. टॉफीसाठी ऊब हवी म्हणून तिनं बटणही दाबलं.

मी कपारीतून रांगत बाहेर येईतो ती जिन्याच्या वरच्या पायरीवर होती. काचेवर मुठी आपटल्या, ओरडले. वर टीव्हीवर क्रिकेट लागलं.

फोन बाहेर, टेबलावर. हत्यारं बाहेर. माझ्या हातात रंगाचा कुंचला. डोक्यावरची जाळी लाल होत गेली. श्वास जड झाला, सिमेंटला घाम फुटल्यासारखं झालं. लॉकी येईपर्यंत मी इथे भाजून निघणार, हे मला अगदी शांतपणे कळलं. खाली काचेच्या फटीशी तोंड लावून बसले. तिथे जरा गार हवा होती.

तिथूनच टॉफी दिसत होती. एरवी दिवसभर निजणारी. आता तिनं डब्याच्या भिंतीला लागून मान उभी केली होती, आणि जीभ भरभर आतबाहेर होत होती. मला वाटलं, माझ्याकडे बघतेय. मी डावीकडे सरकले. तिची मान हलली नाही.

ती माझ्या मागे बघत होती.

मागे पाचोळा वाजला. थोडासा. मग थांबला.

हीटरचा आवाज, दुसरं काही नाही. मी वळले नाही... वळता आलंच नाही. कपार तर रिकामी होती, मीच आत्ता तिच्यातून निघाले होते. वर टाळ्या पडल्या, कुणी तरी बाद झालं असावं.

"ग्लेनिस... लॉकी... कोणी आहे का?"

कुणी तरी ओ दिली. बाहेरून नाही. माझ्या मानेशी, हलक्या आवाजात, झोपेतून उठल्यासारखी.

"आहे ना... काच नीट लागलीय ना गं?"