चष्म्याशिवायची नजर

त्या दिवशी बाप-लेकीचं वाजलं ते चष्म्यावरून. सरकत्या जिन्याखाली वडिलांचं चष्मेदुरुस्तीचं हातभर काउंटर होतं. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून लेकीने तिथे जाहिरातीचा स्क्रीन बसवला. समोर कुणी थबकलं की त्यातून वडील बोलावणार होते, "या, बसा. चष्मा पुसून देतो."

काचांवर दिवे चमकत होते, म्हणून चित्रीकरणासाठी तिने त्यांना चष्मा काढायला लावला. आता त्यांना समोरचं काही धड दिसेना. कॅमेरा सोडून ते तिच्या आवाजाकडे बघत बोलले.

"बाबा, माझ्याकडे नका बघू."

"मग तू बोलू नकोस, ठमे." काचेवर 'हा' करत त्यांनी चष्मा पुसला. जन्मभराची सवय.

पुन्हा उद्या घेऊ, असं ठरलं. निघताना त्यांनी रोजचंच विचारलं, "उद्या येतेस ना?" तिनेही रोजचंच उत्तर दिलं, "बघू."

पहाटे ते झोपेतच गेले.

हाती तेवढंच चित्रण होतं. तिने तेच लावलं. गिऱ्हाइकं खरंच वळू लागली. पडद्यातले आजोबा डावीकडे बघतात म्हणून लोकही तिकडे बघत, आणि तिथे ती बसलेली असे.

एकदा तिने स्टूल उजवीकडे सरकवलं आणि कुणाला तरी फ्रेमची किंमत सांगितली. वडिलांनी उजवीकडे पाहिलं.

स्क्रीनवाल्याने फाइल तपासली. त्याच्या लॅपटॉपवर ते डावीकडेच बघत होते. ताई, जरा विश्रांती घ्या, म्हणाला.

मग ती गप्प राहू लागली. गिऱ्हाइकांना खुणेने उत्तरं देई. पडद्यावर वडील डोळे बारीक करून रिकाम्या वाटेवर इकडून तिकडे बघत राहत. एका बाईने विचारलं, आजोबांचं काही हरवलंय का?

ते तिला सोसेना. तिने काउंटर सोडायचं ठरवलं.

स्क्रीनवाला आला, त्याने वायर काढली. पडदा काळा झाला. तो ढकलगाडी आणायला गेला.

ती खण आवरत होती. मान वर केली तेव्हा काळ्या काचेवर वाफ धरली होती. तोंडाच्या उंचीवर, रुपयाएवढी.

तिने बोट फिरवलं. वाफ पुसली जाईना. ती आतून होती.

वाफ विरली. थोड्या अंतरावर पुन्हा धरली. मग दुसऱ्या टोकाला.

तिने स्टूल जवळ ओढलं.

"येते, बाबा," ती म्हणाली. "उद्या येते."

वाफ थांबली, ती बरोबर तिच्या तोंडासमोर.