उलटी गाठ

शर्ट कोरा होता, याबद्दल वादच नव्हता. छावणीतल्या स्टोअरवाल्याने त्याच्यासमोर वर्द्यांच्या गठ्ठ्याची सुतळी कापली, वरचं पाकीट उचलून त्याच्या हातावर आदळलं आणि पुढच्याला हाक मारली. घडी मोडलेली नव्हती, कॉलरखाली पुठ्ठा होता, कापडाला खळीचा वास येत होता. कापडाचं वय ओळखायला त्याला कोणी शिकवायला नको होतं. लहानाचा मोठा तो शिलाईच्या दुकानातच झाला होता.

म्हणूनच छावणीत सगळे त्याला टेलर म्हणत. लढाई सुरू झाल्यापासून तो आणि वडील दुसऱ्यांच्या पोरांच्या वर्द्या शिवत होते. आपल्याच वयाच्या पोरांच्या छात्या मोजता मोजता एक दिवस त्याला स्वतःची लाज वाटली, आणि टेप गळ्यात तसाच ठेवून तो भरतीच्या कचेरीत नाव देऊन आला. हात दाखवून अवलक्षण, असं आई म्हणाली. निघताना वडिलांनी सुयांची डबी आणि तांबूस दोऱ्याचं एक न फोडलेलं रीळ त्याच्या खिशात घातलं.

"रीळ दुकानाचं आहे," ते म्हणाले. "उरेल ते परत आणून दे."

यापेक्षा जास्त माया त्यांना कधी बोलून दाखवता आली नव्हती. टेलरला ते माहीत होतं, आणि ते रीळ घेऊन एक दिवस दुकानाची पायरी चढायची, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

बराकीत येऊन त्याने शर्ट उलगडला. डाव्या खिशाखाली, बोटभर जागेत, रफू होतं.

आधी त्याला हसू आलं. गिरणीतला दोष कोणीतरी झाकला असेल. मग तो खिडकीशी गेला. दोरा तांबूस होता. धुवून धुवून विटलेला होता, आणि भोवतालचं कापड मात्र एकदाही पाण्यात न गेलेलं. शेवटची गाठ उलटी होती. तो डावखुरा होता, त्याची गाठ लहानपणापासून उलट्या अंगाने पडायची. त्यापायी त्याने वडिलांच्या लाकडी पट्टीचे कितीतरी फटके खाल्ले होते आणि शेवटी वडिलांनीच हात टेकले होते. असं रफू, अशी गाठ, दुसऱ्या कोणाची असणं शक्य नव्हतं. त्याने खिसा चाचपला. रिळावरचा कागद शाबूत होता.

तो तसाच स्टोअरमध्ये गेला. स्टोअरवाल्याने कुरकुरत दुसऱ्या गठ्ठ्यातलं पाकीट दिलं. टेलरने ते तिथेच फोडलं. तीच जागा, तोच दोरा, तीच गाठ.

स्टोअरवाल्याने वाकून पाहिलं. आयतं रफू करून मिळालंय तर नखरे कसले, असं तो म्हणाला आणि त्याने फळकुट ओढून खिडकी बंद केली. टेलरला खरी भीती वाटली ती तेव्हा. आपल्याच डोळ्यांना दिसलं असतं तर वेडा म्हणून घरी तरी पाठवलं असतं.

पुढचे दिवस धावण्यात, चिखलातून सरपटण्यात आणि साहेबाच्या शिव्या खाण्यात गेले. टेलरचा हात सारखा खिशाखाली जायचा. रफू आहे म्हणजे आधी भोक पडायला हवं, हे सांगायला शिंपी लागत नाही. भोक पडणार ते छातीवर. ताट अर्धं तसंच परत जायचं. आणि बोलायचं कोणाशी? ज्याला धरून आणलंय त्याने रडावं. आपल्या पायांनी चालत आलेल्याने कुठल्या तोंडाने रडायचं?

अखेर त्याने शेजारच्या खाटेवरच्या काकांना सांगितलं. काका ट्रकचे ड्रायव्हर, पन्नाशीला टेकलेले. केस काळे करून भरती झाले होते, आणि आता मुळाशी पांढरे दिसायला लागल्यामुळे टोपी काढत नव्हते. आपली बटणं ते स्वतःच लावायचे. गोणीला दाभण मारावा तसे त्यांचे टाके, त्यावरून टेलर त्यांची रोज थट्टा करायचा. आज त्यांनी सगळं न हसता ऐकून घेतलं आणि रफूवरून अंगठा फिरवला.

"भोक कोणाला पडणार याचाच घोर लावून घेतलास," ते म्हणाले. "रफू कोणी केलंय ते बघ की. तूच ना?"

"मीच."

"मग झालं तर. मेलेला माणूस सुई ओवत नाही, मास्तर."

टेलरचा जीव भांड्यात पडला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये! त्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला, आणि नेमबाजीत त्याच्या गोळ्या प्रथमच फळीवर लागल्या.

हातबॉम्ब फेकायला शिकवत होते त्या सकाळी ते घडलं. शेजारच्या पोराचा घामेजलेला हात निसटला. बॉम्ब खंदकाच्या काठावर आपटून आतच घरंगळला. सगळ्यांनी उड्या टाकल्या. धूळ बसली तेव्हा साहेब ओरडत होता, म्हणजे तो जिवंत होता, आणि टेलरला ते ऐकू येत होतं, म्हणजे टेलरही. बॉम्बची एक कपची त्याचा शर्ट फाडून गेली होती, कातडीवर नुसता ओरखडा. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं म्हणत डॉक्टरने झोंबणारं औषध लावलं.

शर्टाला खिशाखाली भोक होतं. रफूचा एक धागाही तिथे उरला नव्हता.

दवाखान्याच्या पायरीवर उन्हात बसून टेलरने रिळाचा कागद फाडला. सुई आपोआप चालत होती. अर्ध्यावर आल्यावर त्याला टाका टाका ओळखू आला, आणि तो एकटाच मोठ्याने हसत सुटला. केवढं हलकं वाटलं त्याला! होणार होतं ते होऊन गेलं होतं. घरून निघाल्यापासून त्याला त्या रात्रीसारखी झोप लागली नव्हती.

मग सगळी बराकच फाटकं घेऊन त्याच्याकडे येऊ लागली. काका शेजारी बसून दोरे ओवून द्यायचे, मधूनच एखादा पायमोजा स्वतः शिवायला घ्यायचे. टाके गोणीचेच राहिले.

आघाडीवर निघायचा हुकूम आला आणि नवे कपडे वाटले गेले. टेलरने पाकीट फोडलं. खिशाखाली काही नव्हतं. रफू या वेळी गळ्याशी होतं, कॉलरच्या जरा खाली.

दोरा त्याचाच होता. टाके जाड, तिरपे, गोणीला घालावेत तसे.

काकांनी शर्ट हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हे तर माझं काम! म्हणजे मी..."

त्यांनी शर्ट खाटेवर ठेवला.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

टेलरने कापड उलटं करून शेवटचा टाका शोधला. गाठ उलटी होती.

"टाके तुमचे, पण गाठ माझी," तो म्हणाला. "शेवट मी केलाय, काका."

"तेच म्हणतोय मी." काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "हाताबिताला लागलं असेल तुझ्या. मी सुरुवात केली, तू पुरं केलंस."

दोघेही हसले, आणि ते हसणं खरं होतं. काकांना बाकी सगळं शिकवायचं, ती गाठ तेवढी शिकवायची नाही, असं टेलरने मनात ठरवून टाकलं.

ट्रक लागले होते. त्याने शर्ट घातला, गळ्याचं बटण लावलं आणि तो ट्रकमध्ये चढला. काकांनी आपलं बोचकं वर फेकलं, ते त्याच्या पायांशी येऊन पडलं.

त्याची नजर बोचक्याच्या शिवलेल्या तोंडाकडे गेली. शेवटची गाठ उलटी होती.

"ही गाठ कोणी शिकवली, काका?"

"शिकवायची कशाला? इतके दिवस तुझ्या शेजारी बसलोय. हात आपोआप तसाच वळतो आता."

काका वर चढले आणि ट्रक सुरू झाला. टेलरने खिशातून रीळ काढून काकांच्या हातात ठेवलं.

"दुकानाचं आहे," तो म्हणाला. "उरेल ते परत नेऊन द्यायचंय."