मठ्ठ विद्यार्थी पाहिजे

डॉ. ईशान वानखेडे यांनी जगातलं सर्वांत मठ्ठ यंत्र बनवलं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलं.

"वजन किती?" हृदयशल्यविशारद डॉ. फरीदा काझी यांनी विचारलं.

"सात किलो."

"ईशान, तुझी बायपास मी केली. वजनं उचलून छातीचं हाड उसवलंस, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ते पुन्हा तारांनी बांधलं. तिसऱ्यांदा बांधायला तिथं हाड उरणार नाही. मरशील."

"मला सगळं माहीत आहे. सगळ्याच पेशंटना असतं. फक्त पथ्य दुसऱ्यांसाठी असतं, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून तर हा प्रतिरुग्ण! घरी गेलेल्या पेशंटनं यालाच पथ्य शिकवायचं. दुसऱ्याला शिकवताना माणूस नाइलाजानं स्वतःचंही ऐकतो. याला मी अध्यापन-परिणाम म्हणतो. शिष्य जितका मठ्ठ, तितकं गुरूचं हाड लवकर जुळतं."

"हा किती मठ्ठ आहे?"

"एक गोष्ट तीनदा सांगावी लागते."

"तीनदाच?" फरीदांनी यंत्राकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "माझ्या एक पेशंट आहेत, अनसूया डांगे. निवृत्त मुख्याध्यापिका. सहा आठवडे रोज त्यांच्या घरी जाऊन प्रयोग कर. यंत्र शिपाई नेईल."

पहिल्या दिवशी अनसूयाबाई लोणच्याची बरणी उचलत होत्या.

"बाई, ठेवा ती! छातीचं हाड उसवेल!"

"काहून? बरणी हातात आहे, छातीत नाही."

यंत्र त्यांनी दहा मिनिटांत बाद केलं. "हे ऐकतं हो. ऐकणाऱ्याला काय शिकवायचं?" मग ते गच्चीत नेऊन त्यावर पापड वाळत घातले.

झालं, बाईंना शिकवायचं काम वानखेड्यांवरच आलं. खोकताना छातीशी उशी धरा, म्हटलं तर बाई ती डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या. उठताना हातांनी रेटू नका, पायांवर उठा, म्हटलं तर म्हणाल्या, "करून दाखवा." वानखेड्यांनी दाखवलं, चौदा वेळा. फिरायला म्हणून बाई फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या, मग वानखेडेच 'असं चालायचं' म्हणत पुढे निघायचे. आधी अर्धा किलोमीटर, पुढे दोन. एकदा बाईंनी त्यांना कणकेचा डबा खाली काढायला सांगितला. "दहा किलोचा आहे! वेड लागलंय का?" वानखेडे कडाडले. त्या संध्याकाळी घरातल्या पाण्याच्या जारलाही ते असंच ओरडले.

सहा आठवड्यांनी दोघांचे स्कॅन झाले. फरीदांनी त्यातला एक पडद्यावर लावला. छातीचं हाड अखंड जुळलं होतं.

"शाबास, बाई!" वानखेडे टाळ्या पिटत म्हणाले. "माझी विद्यार्थिनी!"

"हाड तुझं आहे," फरीदा म्हणाल्या.

"मग बाईंचं?"

"माझं पाच वर्षांपूर्वीच जुळलं," अनसूयाबाई म्हणाल्या. "तेव्हा मला एक तहसीलदार विद्यार्थी म्हणून दिले होते. काय मठ्ठ माणूस, बाप्पा! त्यांच्यापायीच वाचले. यंत्राला ते नाही जमायचं, सर. मठ्ठपणाला माणूसच लागतो."

"आणि आता तुझी पाळी," फरीदा ईशानला म्हणाल्या. "एक प्राचार्य बायपास होऊन परवा घरी गेलेत. कुणाचंच ऐकत नाहीत. त्यांना विद्यार्थी हवाय."

"मला जमेल?"

अनसूयाबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "सर, तुमच्यात ते उपजतच आहे."

आजवरच्या सगळ्या सुवर्णपदकांपेक्षा वानखेड्यांना हे मोठं वाटलं. त्यांनी ते बाईंकडून लेखी मागून घेतलं.