ज्याची त्याची हाळी

चौथीच्या वर्गाच्या दारात दोघं एकदमच येऊन थडकली. दोघांच्याही काखेत गुंडाळलेले तक्ते, दोघांच्याही हातात खडू, आणि तास एकच! चौऱ्याहत्तर साल होतं ते. डी.एड.च्या सराव पाठांची वाटणी करताना कुणीतरी घोळ घातला होता.

"तुमीच घ्या आधी," सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा सिदू कोळेकर म्हणाला. "मी मागं बसून बघतो की."

नीलम्माला नेमकं तेच नको होतं. भवानी पेठेतल्या विणकराची ही लेक वर्गापुढे उभी राहिली की तिच्या तोंडून कॉलेजच्या प्राचार्यबाईच बोलायच्या. तोच करडा आवाज, तसंच चष्म्यावरून पाहणं... आणि हिला तर चष्माही नव्हता. त्यात त्या दिवशी शेजारी हातमागांची खटखट सुरू झाली. हिनं खिडक्या लावून घेतल्या आणि घसा बसेपर्यंत ती ओरडली. पोरं छताकडे बघत बसली.

पाठ झाला की लिंबाखाली बसून एकमेकांच्या चुका काढायच्या, अशी तिथली रीत. सिदूची पाळी आली.

"तक्ता झ्याक होता. पण नीलम्माबाई कुटं होत्या? मला तर तासभर प्राचार्यबाईच दिसल्या."

सगळे हसले. नीलम्माचे कान तापले.

"तुम्ही काय, मेंढरं वळल्यासारखं शिकवता वाटतं?"

"व्हय," तो शांतपणे म्हणाला. "आमच्यात मेंढरं बोलवायची ज्याची त्याची हाळी असती. दुसऱ्याची उसनी घेतली, तर मेंढरू मान बी वर करत न्हाय."

तिला राग आला. पण त्या रागापायी ती त्याचा एकही पाठ चुकवेना, आणि तिच्या पाठाला मागचा बाक त्याच्याशिवाय रिकामा वाटू लागला, तेव्हा मात्र ती मनातून चरकली.

अंतिम पाठाचा दिवस उजाडला. "नापास झालीस तर मागाच्या कांड्या भरायला बस," असं तिच्या वडिलांनी, अप्पांनी बजावलं होतं. परीक्षक बसले. तिनं साताचा पाढा काढला आणि माग सुरू झाले. हात खिडकीकडे गेला... मागच्या बाकावर सिदू श्वास रोखून बसला होता.

तिनं खिडकी सताड उघडली.

"ऐका रे," ती घरी बोलते तशी बोलली. "आमच्या अप्पांचा मागही असाच बोलतो. खट् वाजलं की टाळी द्यायची, आणि पाढा पुढं सरकवायचा."

खट्, सात एके सात. खट्, सात दुणे चौदा... पोरं रंगात आली. परीक्षकांची बोटंही बाकावर ताल धरू लागली. पाठ संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाई, शाळा कुठली मागणार?"

ती धावत बाहेर आली. सिदू ट्रंक घेऊन फाटकापाशी पोचला होता, सांगोल्याची एस.टी. गाठायची होती. आजवर ती त्याला कोळेकरच म्हणत आली होती.

"सिदू..."

फार मोठ्यानं नव्हे. तरी तो थबकला आणि वळला.

"एवढ्या खटखटीत ऐकू आलं?"

"तुमची हाळी हाय. मी कवाचा वाट बघतोय तिची."

नीलम्मा फाटकात आडवी उभी राहिली. मग सुचलं ते ती बोलून गेली. "उद्याच्या गाडीनं जा. आज अप्पांना भेटायला घरी या."

सिदूनं ट्रंक खाली ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"लई भ्या वाटतंय. त्यांच्यापुढं बोलायला कुणाची हाळी उसनी आणू?"

"तुमचीच आणा," ती म्हणाली. "मला तीच आवडते."