हद्दीवरचा माणूस

दिपेश, बाईकची चावी आधी खिशात टाक. मुरबाडला सकाळी जा, रस्ता काय पळून जात नाय. रुचिता, तू पण बस गो. आणि मधे कुणी हसायचं नाय, सांगून ठेवतो. महिपत माझा सख्खा साडू. त्यानं जेलच्या जाळीपलीकडून रडत रडत सांगितलंय मला हे.

गेल्या वर्षीची कार्तिकातली अमावस्या, देवदिवाळीची आदली रात्र. महिपत आपल्या पोराला, आदेशला घेऊन मुरबाडच्या गिरणीवर भात भरडायला गेलेला. गिरणीवर ही गर्दी! निघेपर्यंत अकरा वाजले. पिकपमध्ये मागं तांदळाच्या गोणी, पुढं दोघं बापलेक. सकाळी नव्या तांदळाची खीर व्हायची होती. आरामात गप्पा मारत घरी किन्हवलीकडं निघाले.

तालुक्याच्या हद्दीवर तो दगड हाय ना, एका अंगाला मुरबाड, दुसऱ्या अंगाला शहापूर. त्याच्या आपल्या बाजूला, शहापूरच्या हद्दीत, रस्त्यात माणूस पडलेला. कुठल्यातरी गाडीनं उडवलेला. मांडी फाटून हाड बाहेर, पायात टायरच्या तळाच्या वहाणा, तोंडावर रक्तानं चिकटलेला टॉवेल.

"बाबा, श्वास चालू हाय याचा. उचला, मुरबाडला दवाखान्यात नेऊ," आदेश बोलला.

महिपत पूर्वी एकदा असाच एका अपघाताचा साक्षीदार झालेला. दोन वर्षं कोर्टाचे हेलपाटे घातलेले. त्याचं डोकंच फिरलं. "आपल्या हद्दीत सापडला तर पोलीस पहिलं मलाच बोलावतील. पलीकडं टाकतो. तू गाडीत जाऊन बस!"

आदेश ऐकेना, तशी त्यानं पोराच्या कानफटात ठेवून दिली. पोरगा रडत गाडीत बसला आणि डोक्यावरून चादर घेतली.

महिपतनं त्या माणसाचे पाय धरले आणि फरफटत दगडापलीकडं नेला. डोकं खडीवर आपटत होतं. तो कण्हला, "दादा... तिकडं नको..." महिपतनं पाय सोडले आणि गाडीकडं धावला. अरे, जिवंत माणूस होता तो! साडू असला तरी मला आजही त्याची चीड येते.

गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर महिपत बोलला, "रागावलास काय रे?" चादरीतून नुसतं "हूं" आलं.

वळण आलं. दिव्यांच्या उजेडात दगड दिसला.

तोच दगड.

आणि आपल्या बाजूला माणूस... तोच टॉवेल.

महिपत घाबरला, पण रागही तेवढाच चढला. उतरला. पाय धरले. ओढला. माणूस धडपडत होता... डांबरात नखं रोवत होता... नखं तुटत होती. महिपत थांबला नाय. आणखी जोरात ओढला. डोकं दगडावर आदळलं. कवटी फुटल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानानं ऐकला.

मग धडपड थांबली.

टॉवेलखालून कुणीतरी बोललं... "बाबा..."

महिपतनं गाडीकडं बघितलं. आत चादर घेऊन कुणीतरी बसलेलं. ताठ. त्याच्याकडंच बघत.

त्यानं टॉवेल ओढला.

आदेश...

डोकं मागून उघडं पडलेलं. मांडी मात्र धड होती, एक ओरखडा नाय. महिपतनं पोराला उचलला, गाडीकडं धावला. आत कुणी नव्हतं. गाडी मुरबाडकडं फिरवली, पण दवाखान्यात पोचायच्या आधीच पोरगा गेला.

दुसऱ्या दिवशी सगळा रस्ता पालथा घातला. दुसरा माणूस कुठंच नाय, रक्ताचा फराटाही एकच. सगळे बोलतात, बापानंच मारला. मारला तर त्यानंच, त्याला काय बोलणार आपण?

पोलिसांनी सोडल्यावर गाडी मी घरी आणली. आदेशचे बूट शेवटपर्यंत त्याच्याच पायात होते, दवाखान्यात मी ह्या हातांनी काढलेले. पण गाडीत त्याच्या सीटखाली वहाणांचा एक जोड होता. जुन्या, टायरच्या तळाच्या. घरात शिरताना काढून ठेवतात तशा शेजारी शेजारी ठेवलेल्या...

हात लावला, तर आतून अजून रक्तानं ओल्या होत्या.